एका फोल्डरमध्ये ३५ लाख फाइल्स: डिरेक्टरी इंडेक्स बंद करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) व्हॉल्यूम, साध्या फिरत्या डिस्कवर. एका कॅश डिरेक्टरीत वेबवरून आणलेल्या फाइल्स साठतात आणि फाइलचं नाव म्हणजे अख्खा पत्ताच, साधारण २०० अक्षरांचा. ३५ लाखांच्या आसपास गेल्यावर "नो स्पेस लेफ्ट" यायला लागलं, पण डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) बघितलं तर निम्मी डिस्क रिकामी. जुन्या फाइल्स एलएसचा आउटपुट एक्सआर्ग्सने आरएमला देऊन उडवायला घेतल्या तर रात्रभर चालूनही संपेना, मधेच लाइट गेली, आणि मशीन वर आल्यावर एफएससीकेने (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल) "प्रॉब्लेम इन एचट्री डिरेक्टरी आयनोड" असं सांगितलं. एचट्री म्हणजे डिरेक्टरी इंडेक्स, नावावरून फाइल पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची. आता विचारताय की हा डिरेक्टरी इंडेक्सच सगळ्याचं मूळ आहे का, डीआयआर-इंडेक्स फीचर बंद केलं तर सुटका होईल का, की एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर जावं.

बंद करू नका. तुमच्याकडे तीन वेगवेगळे त्रास एकाच वेळी आलेत आणि तिन्हींवर इंडेक्सचं नाव दिसतंय म्हणून तो गुन्हेगार वाटतोय, पण तिघांची कारणं वेगळी आहेत. मी बरीच वर्षं स्टोरेजचंच काम करतोय आणि "इंडेक्स बंद करा" हा सल्ला मानून लोकांनी चांगल्या चाललेल्या मशीनची वाट लावलेली बघितली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इंडेक्स नसताना काय होतं ते बघा. एक्स्ट२ ची (एक्स्ट४ चा पूर्वज) डिरेक्टरी म्हणजे एकामागून एक नोंदी, प्रत्येक नोंदीत ४ बाइट आयनोड नंबर (आयनोड म्हणजे फाइलची नाव सोडून बाकीची माहिती), २ बाइट नोंदीची लांबी, १ बाइट नावाची लांबी, १ बाइट फाइलचा प्रकार आणि मग नाव, ते ४ च्या पटीत गोल केलेलं. नाव शोधायचं तर पहिल्यापासून वाचत जायचं. नवीन फाइल बनवतानाही ते नाव आधीच आहे का हे बघावं लागतं, म्हणजे दर वेळी अख्खी डिरेक्टरी चाळायची. शंभर फाइल्सना काही वाटत नाही, पण तुमच्या ३५ लाखांना एकेक शोध म्हणजे एक जीबी वाचन. हे मी उगाच मोठा आकडा म्हणून लिहीत नाहीये, तुमची डिरेक्टरी खरंच तेवढी झालेली आहे, पुढे हिशोब देतो.

डॅनियल फिलिप्सने आधी एक्स्ट२ साठी हा इंडेक्स लिहिला, २००१ मध्ये त्यावर पेपर मांडला, मग ख्रिस्तोफर लीने तो एक्स्ट३ च्या जर्नलिंगला (बदल आधी जर्नल नावाच्या वहीत लिहून मग जागेवर नेण्याची पद्धत) जोडून दिला, टेड त्सोने हॅश (नावावरून काढलेला आकडा) वगैरे नीट केलं आणि २००२ मध्ये २.५ च्या डेव्हलपमेंट कर्नलमध्ये तो आत आला. त्यातली जी गोष्ट मला आजही फार आवडते ती अशी की डिस्कवरचा फॉरमॅट बदललाच नाही. नावं ज्या ब्लॉक्समध्ये होती त्याच ब्लॉक्समध्ये, त्याच जुन्या पद्धतीच्या नोंदी म्हणून राहिली. इंडेक्स लपवला कुठे, तर डिरेक्टरीच्या पहिल्या ब्लॉकमध्ये "." आणि ".." या दोन नोंदी असतात, त्यातल्या ".." ला खरं तर १२ बाइट पुरतात पण तिची लांबी ४०८४ अशी लिहिलेली असते. जुना कर्नल ती लांबी वाचतो, म्हणतो ब्लॉक संपला, आणि पुढे जातो. त्या ४०८४ च्या पोटात इंडेक्सचं मूळ बसलेलं असतं. मधल्या पातळीच्या ब्लॉकमध्ये तर आयनोड शून्य असलेली एकच खोटी नोंद अख्खा ब्लॉक व्यापते, म्हणजे जुन्या कर्नलला तो रिकामा ब्लॉक दिसतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या अर्ध्या भीतीचं उत्तर इथेच आहे. इंडेक्समध्ये अशी एकही माहिती नाही जी पानांमध्ये, म्हणजे नावं असलेल्या ब्लॉक्समध्ये, नाही. इंडेक्स फक्त सांगतो की अमुक हॅशपासून पुढची नावं तमुक ब्लॉकमध्ये बघ. तो सगळा पुसला गेला तरी पानं एकेक करून वाचून तो पुन्हा जसाच्या तसा बांधता येतो, आणि एफएससीके नेमकं तेच करतो. तुलनेला रायझरएफएस घ्या, तिथे फाइल, नाव, आयनोड सगळं एकाच झाडात होतं, झाडाचं मूळ गेलं की रीबिल्ड-ट्री चालवून अख्ख्या डिस्कवर पानासारखं जे दिसेल ते गोळा करायचं, आणि डिस्कवर एखाद्या फाइलमध्ये दुसऱ्या रायझरएफएसची इमेज ठेवलेली असेल तर तिचीही पानं त्यात मिसळायची. एक्स्ट४ मध्ये ती वेळ येत नाही.

इंडेक्स चुकला पण नावं शाबूत, हे कसं दिसतं त्याचं एक उदाहरण. एचट्रीचं हॅश नावातल्या अक्षरांवर चालतं आणि सुरुवातीच्या कोडमध्ये ती अक्षरं सी च्या साध्या कॅर टाइपची होती. इंटेलवर हा टाइप साइन्ड, एआरएम आणि पॉवरपीसीवर अनसाइन्ड. इंग्रजी नावांना फरक पडत नाही, पण देवनागरी असो की अरबी, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक बाइटचा सगळ्यात वरचा बिट १ असतो, त्यामुळे तेच नाव दोन मशीनवर दोन वेगळे हॅश देतं. इंटेलवर भरलेली डिस्क एआरएमला लावली की एलएस सगळी नावं दाखवायचं, कारण ते सगळी पानं वाचतं, पण तीच फाइल उघडायला गेलं की "अशी फाइल नाही", कारण शोध हॅशने चुकीच्या पानावर जायचा. २००८ मध्ये हे दुरुस्त झालं, सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) आता साइन्ड की अनसाइन्ड याची खूण असते. "एलएसला दिसते पण उघडत नाही" असं कधी झालं तर घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका, बहुतेक वेळा पान ठीक असतं आणि वाट चुकलेली असते.

आता तुमची "जागा नाही" वाली तक्रार. आधी डीएफला आयनोडचं ऑप्शन देऊन आयनोड संपले नाहीत ना ते बघा, पण मला वाटतं ते नसणार. कर्नल लॉगमध्ये "डिरेक्टरी इंडेक्स फुल" किंवा नवीन कर्नलमध्ये "एचट्री इंडेक्स फुल" अशी ओळ सापडेल. हिशोब असा. ब्लॉक ४ केबीचा, इंडेक्सच्या मूळ ब्लॉकमध्ये ५०८ नोंदी बसतात, मधल्या ब्लॉकमध्ये ५११, प्रत्येक नोंद ८ बाइटची, ४ हॅशचे आणि ४ ब्लॉक नंबरचे. झाड साधारणपणे एवढंच, मूळ आणि एक मधली पातळी. म्हणजे जास्तीत जास्त २,५९,५८८ पानं, जवळपास एक जीबी. तुमची नोंद ८ अधिक २०० म्हणजे २०८ बाइट, एका पानात १९ मावतात. पण पानं कधी पूर्ण भरलेली नसतात, भरलं की अर्ध्यातून फुटतं, त्यामुळे सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास भरलेलं धरायचं, म्हणजे एका पानात १३. गुणाकार करा, ३४ लाखांच्या थोडं खाली येतं. बरोब्बर तुम्ही जिथे अडकलात तिथे. चेकसम (ब्लॉक बिघडलाय का ते ओळखायचा आकडा) फीचर चालू असेल तर आणखी किंचित कमी, कारण प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी चेकसमला जागा द्यावी लागते.

यावर लार्ज-डिर नावाचं फीचर आहे, ४.१३ कर्नलपासून, त्याने तिसरी पातळी मिळते आणि डिरेक्टरीची २ जीबीची मर्यादाही जाते. ट्यून२एफएसने चालू करता येतं. पण ते चालू केलेली फाइल सिस्टिम जुना कर्नल माउंटच करणार नाही, रेस्क्यू डिस्कवरचा कर्नल आणि टूल्स जुनी असतील तर ऐन अडचणीच्या वेळी हात बांधले जातील, तेव्हा आधी ते तपासा. माझ्या मते तुम्हाला त्याची गरज नाही. नाव लहान करा. पत्त्याचा हॅश काढून ४० अक्षरांचं नाव ठेवलं तर नोंद ४८ बाइटची, पानात ८५, सत्तर टक्क्यांनी ५९, आणि मर्यादा दीड कोटींच्या वर जाते, तीही काही न बदलता. खरा पत्ता फाइलच्या आत पहिल्या ओळीत लिहा नाहीतर वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फाइल्स उडवायला रात्र का लागते. लोक इथेच इंडेक्सला शिव्या घालतात. नाव शोधणं स्लो नाहीये, तीन ब्लॉक वाचले की नाव सापडतं आणि त्यातले वरचे दोन तर मेमरीतच असतात. स्लो आहे तो क्रम. रीडडिर (डिरेक्टरीतली नावं वाचण्याचा कॉल) केल्यावर एक्स्ट४ नावं हॅशच्या क्रमाने देतो, कारण पान मधेच फुटलं तरी रीडडिर जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू राहायला हवं, नाव दोनदा येता कामा नये आणि सुटता कामा नये, आणि फुटल्यानंतरही न बदलणारी गोष्ट एकच, हॅश. हॅशचा क्रम म्हणजे आयनोडच्या दृष्टीने निव्वळ पिसलेले पत्ते. पहिलं नाव आयनोड टेबलच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

आयनोड २५६ बाइटचा, एका ब्लॉकमध्ये १६. तुमचे ३५ लाख आयनोड म्हणजे ९०० एमबीच्या आसपास, ओळीने वाचले तर साध्या डिस्कलाही दहा-पंधरा सेकंदांचं काम. तेच हॅशच्या क्रमाने वाचले आणि मेमरी अपुरी असली तर प्रत्येक स्टॅटला (फाइलची माहिती मागणं) एक सीक (डिस्कचं डोकं हलवणं), सीकला १० मिलिसेकंद धरा, ३५ हजार सेकंद, म्हणजे पावणेदहा तास. ही तुमची रात्र. यात भर म्हणजे एक्स्ट४ आयनोडचे ३२ ब्लॉक पुढचे म्हणून एकदम वाचायला घेतो, ओळीने जाताना त्याचा फायदा होतो पण उड्या मारताना ते वाचलेलं बरंचसं वाया जातं.

आणि आता जर्नल. एक्स्ट३ आणि एक्स्ट४ चं जर्नल साधारणपणे अख्खे ब्लॉक लिहितं, बदललेले बाइट नाही. एक फाइल उडवली की डिरेक्टरीचं पान, आयनोडचा ब्लॉक, बिटमॅप, ग्रुप डिस्क्रिप्टर (मोकळ्या जागेचे हिशोब), हे सगळे ब्लॉक ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) येतात. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तोच ब्लॉक पुन्हा बदलला तर तो एकदाच लिहिला जातो, आणि ट्रान्झॅक्शन डिफॉल्टने ५ सेकंदांनी कमिट होते. म्हणजे शेजारशेजारचे १६ आयनोड एका दमात उडवले तर आयनोडचा एक ब्लॉक जर्नलमध्ये जातो, आणि पिसलेल्या क्रमाने उडवले तर १६ वेळा ४ केबी. जर्नल लवकर भरतं, भरलं की जुने ब्लॉक त्यांच्या मूळ जागी नेऊन जागा मोकळी करावी लागते, तेवढा वेळ नवीन काम थांबतं, आणि तो मूळ जागी लिहिण्याचा प्रवास पुन्हा उड्यांचाच. म्हणजे वाचनात जो मार बसला तोच लिहिताना दोनदा.

म्हणून आयनोड नंबरने सॉर्ट करून उडवायचं. टेड त्सोने याचसाठी एक छोटी लायब्ररी लिहिली होती, एलडी-प्रीलोडने प्रोग्रॅमला बाहेरून जोडली की रीडडिर अख्खी डिरेक्टरी वाचून आयनोडच्या क्रमाने नावं देतं. पण एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पूर्ण आयनोडच्या क्रमाने गेलात तर आता डिरेक्टरीची पानं पिसलेल्या क्रमाने लागतात, आणि तुमची डिरेक्टरीच एक जीबीची आहे! नावं लहान असती तर डिरेक्टरी छोटी असती, मेमरीत मावली असती आणि काही फरक पडला नसता, तुमच्याकडे ते गृहीत धरता येत नाही. मधला मार्ग असा की रीडडिरने लाखभर नावं घ्यायची, ती हॅशच्या क्रमाने येतात म्हणजे डिरेक्टरीच्या सलग अशा एका पट्ट्यातली पानं असतात, तेवढीच आयनोडने सॉर्ट करायची, उडवायची, मग पुढचं लाख. पानं जवळजवळची आणि आयनोडवरून डोकं एकाच दिशेने फिरतं. आणि चांगली बातमी म्हणजे जीएनयू आरएम स्वतःच हे करतं, एका वेळी लाखभर नोंदी वाचतं आणि दहा हजारांवर असतील तर आयनोडने सॉर्ट करतं. पण त्यासाठी आरएमला डिरेक्टरीचं नाव द्यायला हवं. तुम्ही जे केलंत, एलएसचा आउटपुट पाइपने एक्सआर्ग्सला देऊन आरएम, त्यात एलएस आधी नावाने सॉर्ट करतं, रंग चालू असतील तर फाइलचा मोड बघायला स्टॅटही करतं, आणि आरएमला तयार यादी मिळते जिच्यात त्याच्या सॉर्टिंगचा काही उपयोग होत नाही. ठराविक तारखेपेक्षा जुन्याच उडवायच्या असतील तर फाइंडला डिलीटचं ऑप्शन द्या, तेही आतून जीएनयू आरएम वापरतं तीच एफटीएस लायब्ररी वापरतं.

एकदा माझ्याकडे मेलच्या रांगेची अशीच एक डिरेक्टरी आली होती, बावीस लाखांच्या आसपास फाइल्स. आधीच्या माणसाने स्क्रिप्टने एकेक नाव घेऊन उडवायला लावलं होतं, संध्याकाळी सुरू केलेलं सकाळी निम्म्यावर होतं. मी ते थांबवलं, डिरेक्टरीचं नाव बदलून बाजूला केली, त्याच जागी नवीन रिकामी डिरेक्टरी दिली म्हणजे मेल चालू राहिला, आणि जुनीवर सरळ आरएम लावलं. उरलेलं तासाभरात गेलं. डिस्क तीच, कर्नल तोच, इंडेक्सही चालूच होता.

नाव बदलून बाजूला करण्याचं आणखी एक कारण आहे. एक्स्ट४ ची डिरेक्टरी वाढते पण आपोआप आकसत नाही. आतल्या सगळ्या फाइल्स उडवल्या तरी एलएसला डिरेक्टरीचा आकार तेवढाच, एक जीबी, दिसेल, आणि रिकाम्या डिरेक्टरीवर साधं एलएस केलं तरी ते अडीच लाख रिकामी पानं चाळेल. नवीन नावं हॅशप्रमाणे त्याच पानांत जाऊन बसतात म्हणून जागा वाया जात नाही, पण वाचनाचा त्रास राहतोच. नवीन डिरेक्टरी करणं सगळ्यात सोपं.

आता एफएससीकेचा मेसेज. जर्नल काय सांभाळतं आणि काय नाही, हे इथे वेगळं करायला हवं. पान फुटतं तेव्हा जुनं पान, नवीन पान, इंडेक्सचा ब्लॉक, डिरेक्टरीचा आयनोड आणि बिटमॅप इतकं बदलतं, आणि हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतं. मधेच वीज गेली तर रीप्लेनंतर (जर्नलमधलं पुन्हा जागेवर लिहिल्यावर) एकतर सगळं झालेलं किंवा काहीच न झालेलं. निम्मी नावं नवीन पानात गेली आणि इंडेक्सला पत्ताच नाही, असं व्हायला नको. त्यात बारकावेही सांभाळलेत, एक सांगतो. डिरेक्टरीचा ब्लॉक जर्नलमध्ये लिहिला गेला, मग डिरेक्टरी उडवली, तोच ब्लॉक कुणाच्या तरी फाइलच्या डेटाला मिळाला, आणि डेटा तर जर्नलमधून जात नाही. आता क्रॅश झाला आणि रीप्लेने जुना डिरेक्टरी ब्लॉक त्या डेटावर लिहिला तर? म्हणून जर्नलमध्ये रिव्होक नावाच्या नोंदी असतात, हा ब्लॉक आता परत लिहू नकोस असं सांगणाऱ्या. स्टीफन ट्वीडीच्या एक्स्ट३ पासून हे आहे.

तरीही तुम्हाला एचट्रीची चूक दिसली, म्हणजे या साखळीच्या खालची एक कडी तुटली. जर्नलचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, डिस्क "लिहिलं" म्हणाली की ते खरंच लिहिलेलं असलं पाहिजे. कमिट ब्लॉकच्या (ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याची खूण) आधी कर्नल फ्लश मागतो, म्हणजे कॅशमधलं डिस्कवर उतरवायला सांगतो. डिस्कच्या किंवा रेड (आरएआयडी) कार्डच्या कॅशने तो फ्लश खाल्ला, किंवा व्हर्च्युअल मशीन असेल आणि होस्टवर कॅश मोड अनसेफ ठेवलेला असेल, तर वीज गेल्यावर कमिट ब्लॉक डिस्कवर आहे पण त्याच्या आधीचे ब्लॉक नाहीत असं होतं, आणि रीप्ले इमानदारीने कचरा जागेवर लिहितो. माउंट ऑप्शनमध्ये नोबॅरिअर (हे फ्लश बंद करणारं ऑप्शन) कुणी घातलंय का बघा, स्पीडसाठी म्हणून लोक घालतात आणि विसरतात. बॅटरी असलेलं कार्ड असेल तर बॅटरी जिवंत आहे का बघा. रॅमही एकदा तपासा. इंडेक्स बंद केला असतात तरी हाच कचरा पानांवर पडला असता, आणि तेव्हा नावंच गेली असती. उलट इंडेक्स असल्यामुळे चूक लवकर कळली, कारण पानातली नावं आणि त्यांचे हॅश यांचा मेळ एफएससीकेला घालता येतो.

दुरुस्ती करताना घाई नको. अनमाउंट करा, शक्य असेल तर अख्ख्या डिव्हाइसची कॉपी घ्या. ई२इमेजने नुसत्या मेटाडेटाची इमेज घेता येते, ती तपासायला छान, पण तो बॅकअप नव्हे. एफएससीकेला फक्त-बघ असं एनचं ऑप्शन दिलंत तर तो जर्नल रीप्ले करत नाही, त्यामुळे ढीगभर चुका दाखवेल ज्या रीप्लेनंतर नसतील, त्या यादीला घाबरू नका, कॉपीवर खरा रन करून बघा. मग मूळ डिस्कवर एफ ऑप्शनसह पूर्ण रन. तो विचारेल एचट्री इंडेक्स क्लिअर करू का, हो म्हणा, पानं शाबूत असतील तर तो ३ए पासमध्ये इंडेक्स पुन्हा बांधेल. मोठं डी ऑप्शन सगळ्या डिरेक्टरीज दाबून पुन्हा लिहितं, ते चांगलं आहे पण ज्या डिस्कवर शंका आहे तिच्यावर कॉपीशिवाय चालवू नका, कारण एफएससीकेचं स्वतःचं लिखाण जर्नलमधून जात नाही आणि मधेच पुन्हा वीज गेली तर परत फिरायची सोय नाही. झेड ऑप्शनने दुसऱ्या डिस्कवर अनडू फाइल ठेवता येते, ती ठेवाच.

एक तपासणी मात्र आधी करा. एलएसॲटरने त्या डिरेक्टरीचे फ्लॅग बघा, कॅपिटल आय दिसतोय का. चेकसम नसलेल्या फाइल सिस्टिमवर कर्नलला नाव घालताना इंडेक्स खराब सापडला तर तो गप्प इंडेक्सचा फ्लॅग काढतो आणि सरळ ओळीने काम चालू ठेवतो. आणि एकदा फ्लॅग गेला की आपोआप परत येत नाही, कारण कर्नल इंडेक्स बनवतो तो फक्त डिरेक्टरी एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर जाते त्या क्षणी. म्हणजे बघायला डीआयआर-इंडेक्स चालू, पण ती एक डिरेक्टरी कायमची जुन्या पद्धतीने चाललेली. चेकसम चालू असेल तर कर्नल असं करत नाही, सरळ एरर देतो. मला हे दुसरं वागणं जास्त पटतं, गुपचूप स्लो होण्यापेक्षा ओरडलेलं बरं.

एक्सएफएसवर जाऊ का, असंही विचारलंत. तिथली डिरेक्टरी नावाच्या हॅशवरच शोधते पण नावांचा डेटा वेगळ्या ब्लॉक्समध्ये आणि हॅशचं झाड वेगळं, त्यामुळे रीडडिर डेटा ज्या क्रमाने पडलाय त्या क्रमाने येतं, हॅशच्या क्रमाने नाही, आणि पिसलेल्या पत्त्यांचा त्रास बराच कमी. लॉगमध्येही तो अख्खा ब्लॉक न लिहिता बदललेले १२८ बाइटचे तुकडे लिहितो, आणि २.६.३९ पासून डिफॉल्ट झालेल्या डिलेड लॉगिंगने मेटाडेटाची कामं फार सुधारली, त्याआधी याच कामात तो बदनाम होता. नवीन मशीन उभं करणार असाल तर जरूर विचार करा. पण आहे ते मशीन फक्त यासाठी हलवू नका, कारण एका डिरेक्टरीत सगळं कोंबण्याचा एक तोटा सगळीकडे सारखाच आहे. फाइल बनवताना आणि उडवताना कर्नल त्या डिरेक्टरीचं लॉक एकट्यासाठी घेतो. ४.७ कर्नलपासून शोध समांतर चालतात, पण बनवणं-उडवणं एका वेळी एकच. सोळा थ्रेड लावलेत तरी एका दारातून एकेकच जाणार.

म्हणून डिरेक्टरी फोडा. गिट करतं तसं, हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांवरून २५६ उपडिरेक्टरीज. ३५ लाख भागिले २५६ म्हणजे प्रत्येकीत साडेतेरा हजारांच्या आसपास, ४० अक्षरांच्या नावांनी २३० पानं, इंडेक्सची एकच पातळी, डिरेक्टरी एक एमबीच्या आत. लॉक २५६, त्यामुळे थ्रेड एकमेकांना अडवत नाहीत. त्याच्याखाली आणखी एक पातळी करायचा मोह होईल, ६५,५३६ डिरेक्टरीज आणि प्रत्येकीत पन्नासेक फाइल्स, तो टाळा. प्रत्येकीला एक ब्लॉक आणि एक आयनोड लागतो, बॅकअपला तितक्या वेळा डिरेक्टरी उघडावी लागते, आणि पन्नास फाइल्ससाठी इंडेक्स तयारच होत नाही. फाइल्स काही कोटींवर गेल्या तर दुसरी पातळी करा.

फोडताना फाइल लिहिण्याचा कोडही बघून घ्या. तात्पुरत्या नावाने लिहायचं, फाइलवर एफसिंक (डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबणारा कॉल), मग रीनेम, आणि मग डिरेक्टरी उघडून तिच्यावरही एफसिंक. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. फाइलवरच्या एफसिंकने डेटा डिस्कवर गेला, पण रीनेम त्याच्या नंतर झालं, म्हणजे नवीन नाव अजून पुढच्या कमिटची वाट बघतंय, आणि ५ सेकंदांच्या त्या खिडकीत वीज गेली तर डेटा नीट असून फाइल जुन्याच नावाने सापडेल. कॅशला हे चालतं, पुन्हा आणता येईल. त्याच कोडने कुणाच्या हाती "सेव्ह झालं" असा मेसेज जात असेल तर डिरेक्टरीचं एफसिंक झाल्याशिवाय तो मेसेज पाठवू नका.